साभार परत : पाकीट जाड की पातळ?

तुराटी (वरूड तालुका)
दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या ट्रंकेत आईनं जपलेली माझी सत्तावीस पाकिटं सापडली. सगळ्यांवर अक्षर माझंच. नव्वदच्या दशकात ज्यांनी मासिकांना, दिवाळी अंकांना कथा पाठवल्या, त्यांना हे लगेच कळेल. फुलस्केपच्या एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे समास सोडायचा आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. म्हणजे कथा नापसंत झाली की ती वाईट बातमी आपल्याच अक्षरात घरी यायची. पोस्टमनकाकांनी सायकल स्टँडवर लावायच्या आधीच मला कळलेलं असायचं.

सत्तावीसपैकी सव्वीस चिठ्ठ्या छापील. एकीवर मात्र कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय: ‘संवाद जमलेत. शेवट ओढलेला. नवीन पाठवा.’ त्या ‘नवीन पाठवा’वर मी चार वर्षं काढली. अशी एखादी ओळ तुमच्याकडेही असेल तर लिहा. जशीच्या तशी लिहा, सारांश नको.

खारपाणी (दर्यापूर)
ताई, माही चिठ्ठी तीन पानाची होती. खोटं नाही सांगत.

मी वऱ्हाडीतच लिहतो, दुसरं जमतच नाही. मुंबईच्या एका अंकाले कथा पाठवली, तं संपादकायनं पान नंबर टाकून शब्दायची यादी पाठवली. ‘पऱ्हाटी म्हणजे काय? धुरा म्हणजे बांध का? डवरणी नेमकी कधी करतात?’ असे एकोणीस प्रश्न. अन् शेवटी, कथा या स्वरूपात घेता येत नाही. दोस्त हासले. मलेही राग आला, का यायले पऱ्हाटी मालूम नाही अन् हे आमची कथा तपासतेत! बुढा दाराशी खाटेवर बसून आयकत होता. तो म्हणे, “काहून तपतं बे? एकोणीस शब्द अडले म्हणजे बाकीचे समजले ना त्याले.”

हे माह्या डोक्यात आलंच नव्हतं.

मंग मी कथा पुन्हा लिहली. तळटीपा नाही देल्ल्या, तळटीप म्हणजे पंगतीत जेवणाऱ्याले मधातच उठवल्यासारखं वाटते. त्याच्यापेक्षा बाईच्या वट्यात कापूस देल्ला, बोटाले बोंडाचे काटे रुतवले. पऱ्हाटी काय ते आपोआप समजते. ‘धुरा’साठी दोन भावायचं भांडण वाढवलं, अन् खरं सांगतो, कथा तिथंच सुधरली. दुसऱ्यांदा पाठवली. परत आली! पण या खेपेले प्रश्न एकच होता.

आडतास
मला नाही बुवा कधी हुरूप आला. छापील चिठ्ठीत अर्थ शोधायचा म्हणजे नाडीपट्टी वाचण्यातला प्रकार. पण आता चिठ्ठीही येत नाही. ई-मेल पाठवा, तीन महिने थांबा, उत्तर आलं नाही तर नापसंत समजा. त्यापेक्षा ते जाड पाकीट बरं होतं, निदान हस्तलिखित तरी परत मिळायचं. माझी एकुलती एक प्रत एकदा तिकडंच राहिली. कार्बन कॉपी ठेवायची अक्कल मागून आली.

निवृत्त गुरुजी (मेहकर)
आमच्या पिढीत ‘सत्यकथा’ मासिकाचा दरारा होता. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांना सविस्तर पत्रं लिहितात, असं ऐकून होतो. तिथून आलेला नकारही दाखवण्यासारखा, असं आम्ही मानायचो. मी पाठवण्याजोगी कथा होईपर्यंत थांबलो. कथा झाली तेव्हा 1982 साल उजाडलं होतं आणि मासिक बंद पडलं होतं. नकार मिळवायलाही वेळेवर पाठवावं लागतं, एवढंच सांगतो.

सोयाबीनवाली
दिवाळी अंकाचं साहित्य बरेच जण जून-जुलैत मागवतात. तेव्हाच आमची पेरणी, मग निंदण. पुण्यातल्या एका संपादिकेला हे मी चिडूनच कळवलं होतं. नकारासोबत उत्तर आलं: ‘मग उन्हाळ्यात पाठवत जा, मी ठेवून घेईन.’ आता अक्षयतृतीयेच्या आत पाठवते. अजून लागली नाही एकही, पण त्या वाचतात. मागच्या वेळी त्यांनी एका पात्राची आठवण काढली, दोन वर्षांपूर्वीच्या कथेतल्या.

वडसावाला
आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, चिठ्ठी नसते. नाटक वाचून दाखवायचं, नाटक कंपनीचा मालक विडी पेटवतो आणि तोंडावर सांगतो, “बायका रडणार नाहीत याच्यात.” एवढंच. धान निघाला की सीझन सुरू, समजुती काढायला वेळ कोणाला?

शाखा डाकपाल (आरमोरीकडचा)
मी लिहीत नाही, वाटतो. पण पाकीट हातात घेतलं की मलाही कळते. अक्षर आपल्याच गावचं आणि पाकीट जाड, म्हणजे परत आलं.

गावात एक मुलगी आहे. तिची पाकिटं घरी नेऊन द्यायची नाहीत, ती स्वतः येऊन घेऊन जाते. घरी माहीत नाही. गेल्या पावसाळ्यात तिच्या नावानं पातळ पाकीट आलं, अक्षर अनोळखी. राहवलं नाही, सायकल काढून तिच्या धानाच्या बांदीवर गेलो. रोवणी चालू होती, तिचे हात चिखलानं भरलेले. म्हणाली, “तुम्हीच फोडा.” नकारच होता. पण निळ्या पेनानं लिहिलं होतं की, कथा नाही घेता येत, मोह वेचण्याचा जो भाग आहे त्यावर वेगळा लेख द्याल का. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग वाकली आणि धानाचे पुढचे परे लावू लागली. बाजूच्या बायकांनी विचारलं काय आलं, तर म्हणे, “काम आलं.”

तुराटी
डाकपालदादा, लेख पाठवला का तिनं?

खारपाणी, तुमची धुऱ्याची कथा कुठं वाचायला मिळेल?

खारपाणी
कुठंच नाही ताई. तिसऱ्यांदा गेली हाये परवा. पाकीट जोडलं हाये सोबत, तिकीट लावून.