शेड ते बाजार: एकाच बॅचचा माग काढावा, की प्रत्येक ठिकाणचे नमुने स्वतंत्रपणे घ्यावेत?

उबवणी (प्रश्न)

मी पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडपासून मांसाच्या विक्रीपर्यंत प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय जीवाणू कसे पोहोचतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. सध्याचा आराखडा असा आहे: ३० शेडमधून प्रत्येकी १० पक्ष्यांचे क्लोएकल (विष्ठाद्वारातील) स्वॅब, कत्तलीच्या ठिकाणांहून १०० नमुने आणि बाजारातून मांसाचे १०० नमुने. हे सर्व सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक मिसळलेल्या मॅकॉन्की अगारवर (जीवाणू वाढवायच्या माध्यमावर) वाढवायचे, आलेल्या कॉलनींची डिस्क पद्धतीने (औषध भिजवलेल्या चकत्या लावून) १२ औषधांवर चाचणी करायची आणि शेवटी तिन्ही ठिकाणच्या टक्केवारीची तुलना करायची.

आराखडा लिहून झाल्यावर मात्र मनात एक शंका घर करून बसली आहे. बाजारात घेतलेले मांस माझ्या ३० शेडपैकी एकाही शेडमधून आलेले नसेल, तर मी ‘शेडपासून बाजारापर्यंत’ असे शीर्षक कोणत्या तोंडाने द्यावे? एकाच बॅचच्या मागे शेवटपर्यंत जावे, तर वेळ आणि माणसे दोन्ही अपुरी पडतील, आणि नमुन्यांची संख्याही घटेल. शिवाय शेडमालकांना औषधांविषयी विचारले की बहुतेक जण ‘आम्ही अँटिबायोटिक देतच नाही’ असे उत्तर देतात, त्याचे काय करावे हेही कळत नाही. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सूक्ष्मदर्शी

तुमची शंका अगदी योग्य आहे आणि ती आराखड्याच्या मुळाशीच जाते. तीन ठिकाणांहून वेगवेगळ्या पक्ष्यांचे नमुने घेतले, तर हाती तीन स्वतंत्र छायाचित्रे येतात. त्यांतून प्रवास दिसत नाही. समजा शेडमध्ये ४० टक्के आणि बाजारात ७० टक्के नमुने सकारात्मक आले. प्रतिरोध वाटेत वाढला, असे त्यावरून म्हणता येईल का? बाजारातले मांस मुळातच जास्त औषध वापरणाऱ्या शेडमधून आलेले असेल, वाहतुकीचे क्रेट धुतलेले नसतील, किंवा आधी कापलेल्या बॅचचे जीवाणू पिसे काढण्याच्या यंत्रातल्या रबरी बोटांवरून पुढच्या बॅचला लागले असतील. या तिन्ही शक्यता तुमच्या आकड्यांत एकमेकींत मिसळून जातात आणि नंतर कोणत्याही सांख्यिकी चाचणीने वेगळ्या करता येत नाहीत.

म्हणून बॅचेस थोड्या घ्या, पण त्यांची पाठ सोडू नका. शेडमधील लिटर (जमिनीवर पसरलेला तुसाचा थर), पक्षी भरण्यापूर्वीचे रिकामे क्रेट, गरम पाण्याच्या टाकीतील पाणी, पिसे काढल्यानंतरचे आणि आतडी काढल्यानंतरचे धड, कापायचा ओंडका आणि सुरी, आणि शेवटी विक्रीचे मांस, इतक्या ठिकाणी त्याच बॅचचे नमुने घ्या. रिकाम्या क्रेटचा नमुना बहुतेक जण विसरतात. पक्षी भरल्यानंतर घेतलेल्या स्वॅबवरून घाण कोणाची हे सांगता येत नाही.

धडाचा नमुना स्वॅबने घेण्याऐवजी धुऊन घ्यावा, असे माझे मत आहे. अख्खे धड निर्जंतुक पिशवीत ठेवून त्यात ४०० मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटर ओतायचे आणि एक मिनिटभर सर्व बाजूंनी हलवायचे. धड क्लोरीनच्या पाण्यातून आलेले असेल तर पेप्टोन वॉटरमध्ये सोडियम थायोसल्फेट घालायला विसरू नका, कारण उरलेले क्लोरीन पिशवीतही जीवाणू मारत राहते आणि नमुना फसवा ‘स्वच्छ’ दिसतो.

दुसरा मुद्दा माध्यमाचा. सेफोटॅक्झिमच्या प्लेटवर जे वाढते ते ‘आहे’ एवढेच सांगते, ‘किती आहे’ हे सांगत नाही. एकच नमुना साध्या आणि औषध मिसळलेल्या अशा दोन्ही प्लेटवर, वेगवेगळ्या विरलीकरणांत लावून पाहा. साध्या प्लेटवर दहा हजारपट विरलीकरणात १५० आणि औषधाच्या प्लेटवर शंभरपट विरलीकरणात ३० कॉलनी आल्या, तर मूळ नमुन्यात १५ लाखांमागे ३ हजार, म्हणजे पाचशेत एक जीवाणू प्रतिरोधक ठरतो. दुसऱ्या नमुन्यात हेच प्रमाण निम्म्याहून अधिक असू शकते. तुमच्या तक्त्यात मात्र दोघांपुढे ‘सकारात्मक’ हा एकच शब्द येईल. (तसेच औषधाच्या प्लेटवरून उचललेल्या कॉलनींची टक्केवारी ‘ई. कोलायमधील प्रतिरोध’ म्हणून कृपया छापू नये. परीक्षक तेथेच अडवतील आणि ते योग्यच असेल.)

त्या प्लेटवर ईएसबीएल आणि ॲम्पसी (सेफोटॅक्झिमसारखी औषधे निकामी करणारी दोन विकरे) बनवणारे दोन्ही प्रकारचे जीवाणू वाढतात. सेफोटॅक्झिमची डिस्क एकदा क्लॅव्युलॅनिक आम्लासह आणि एकदा त्याशिवाय लावा. आम्लासह डिस्कभोवतीचे जीवाणू न वाढलेले वलय ५ मिलिमीटर किंवा अधिक वाढले तर ईएसबीएल समजतात. कोंबड्यांमध्ये सीएमवाय-२ हा ॲम्पसी जनुक वारंवार सापडत असल्यामुळे हा फरक टाळून चालणार नाही.

तुसाचे_शेड

मी शेडवर जाणारा पशुवैद्य आहे, त्यामुळे प्रयोगशाळेच्या अलीकडचे थोडे सांगतो.

‘अँटिबायोटिक देता का?’ हा प्रश्नच विचारू नका. शेडमालक खोटे बोलतोच असे नाही. पाण्यातून दिलेली पावडर त्याच्या लेखी ‘सर्दीचे औषध’ असते, आणि खाद्यात कारखान्यातूनच काही मिसळून आले असेल तर त्याला त्याचा पत्ताही नसतो. त्याऐवजी शेडच्या मागे जाऊन रिकाम्या बाटल्या आणि पाकिटे पाहा, परवानगी घेऊन लेबलांची छायाचित्रे काढा, खाद्याच्या पोत्यावरील चिठ्ठी वाचा आणि पाण्याच्या टाकीजवळचे मापाचे भांडे कशाने रंगले आहे तेही पाहा. पिल्ले आल्यापासून कोणत्या दिवशी काय दिले याची नोंदवही असेल तर सोन्याहून पिवळे. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी कॉक्सिडिओसिसवरील (आतड्याच्या एका परजीवी रोगावरील) औषधे वेगळ्या रकान्यात लिहा. ती माणसांच्या उपचारात वापरत नाहीत, आणि एन्रोफ्लॉक्सासिनबरोबर (हे सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातले प्रतिजैविक) एकाच बेरजेत धरली तर अर्थाचा अनर्थ होतो.

नमुन्यांसाठी प्रत्येक पक्ष्याला पकडण्यापेक्षा बुटांवर चढवायचे ओलसर गॉझचे मोजे वापरा. ते घालून शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाण्याच्या ओळीजवळून आणि भिंतीकडेनेही चालावे. बाहेर येईपर्यंत अमोनियाने डोळे चुरचुरू लागतात आणि मोज्यांवर तूस व विष्ठेचा करडा थर बसतो. तोच तुमचा नमुना. तो संपूर्ण शेडचा असतो, दहा पक्ष्यांचा नसतो. एका दिवशी एकाच शेडवर जा. दोन शेड केले तर रोग तुम्हीच वाहून न्याल, आणि मग पुढच्या वेळी कोणी फाटकाच्या आत घेणार नाही.

साखळी शेडपासून सुरू होते हे गृहीतकही एकदा तपासून पाहा. कॅनडातील क्वेबेकमध्ये हॅचरीत अंड्यांमध्येच सेफ्टिओफर (सेफोटॅक्झिमच्याच गटातले प्रतिजैविक) टोचत असत. २००५ मध्ये उद्योगाने ते स्वेच्छेने थांबवल्यावर कोंबडीच्या मांसातील आणि माणसांतील साल्मोनेला हायडेलबर्ग या जीवाणूमध्ये त्या औषधाचा प्रतिरोध लक्षणीय घटला. पुढे वापर अंशतः सुरू झाल्यावर तो पुन्हा वाढू लागला. तेथे शेडमालकाने काहीच दिले नव्हते. म्हणून पिल्ले उतरवतानाच्या खोक्यांतील कागद पहिल्या दिवशी जमा करा. तो नमुना स्वस्त असतो आणि पक्ष्याला हातही लावावा लागत नाही.

उबवणी

दोघांचेही मनापासून आभार. आराखडा बदलून १२ बॅचेस घेण्याचा आणि प्रत्येक बॅच पिल्लांच्या कागदापासून विक्रीपर्यंत पाहण्याचा विचार करीत आहे. अडचण अशी की एकाच शेडमधील पक्षी दोन-तीन रात्रींत वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडे जातात. शिवाय ३०० पक्ष्यांऐवजी १२ बॅचेस म्हटल्यावर मार्गदर्शक ‘नमुना फारच लहान’ म्हणतील. कोलिस्टिन या प्रतिजैविकाची डिस्क यादीत आहे. ती ठेवावी का?

नमुनासंख्या

मार्गदर्शकांना पुढील हिशेब दाखवून पाहा. एकाच शेडमधील पक्षी एकच पाणी पितात आणि एकाच लिटरवर राहतात, त्यामुळे त्यांचे निकाल एकमेकांसारखे येतात. हे साम्य मोजणारा सहसंबंध गुणांक ०.३ धरला आणि प्रत्येक शेडमधून १० पक्षी घेतले, तर आराखडा-परिणाम १ + (१० − १) × ०.३ = ३.७ येतो, म्हणजे ३०० पक्ष्यांचे वजन सुमारे ८१ स्वतंत्र पक्ष्यांइतकेच भरते. तेच ३०० पक्षी ६० शेडमधून प्रत्येकी ५ घेतले असते, तर ते सुमारे १३६ इतके भरले असते. ३०० हा आकडा दिसायला मोठा आहे एवढेच.

तुमचा प्रश्न ‘एकूण किती शेड बाधित आहेत’ असा असेल तर १२ बॅचेस खरोखरच अपुऱ्या आहेत. प्रश्न ‘एकाच बॅचमध्ये कोणत्या टप्प्यावर बदल होतो’ असा असेल, तर प्रत्येक बॅच स्वतःशीच ताडून पाहिली जाते आणि १२ मधूनही अर्थपूर्ण उत्तर मिळू शकते. फक्त विश्लेषणात बॅच हा गट म्हणून धरायला हवा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच प्रबंधात मिळवण्याचा मोह आवरा, आणि कोणता प्रश्न निवडला ते प्रस्तावनेतच लिहा. एखाद्या टप्प्यावर ३० नमुन्यांत एकही सकारात्मक आला नाही, तर ‘प्रतिरोध नाही’ असे लिहू नका. नमुने स्वतंत्र मानले तरी ९५ टक्के विश्वासमर्यादेने खरे प्रमाण ३ भागिले ३०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत असू शकते.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत, शक्यतो ज्या रात्री सर्वाधिक पक्षी एकाच कत्तलीच्या ठिकाणी जातात ती रात्र निवडा आणि त्या रात्री तुमची बॅच कितव्या क्रमांकावर कापली गेली हे आवर्जून नोंदवा. पहिली कापलेली आणि पाचवी कापलेली बॅच यांची तुलना करता येत नसते.

सूक्ष्मदर्शी

कोलिस्टिनची डिस्क काढून टाका. तो रेणू मोठा असल्यामुळे अगारमध्ये नीट पसरत नाही, आणि संवेदनशील व प्रतिरोधक जीवाणूंची वलये जवळजवळ सारखीच दिसतात. ब्रॉथ मायक्रोडायल्युशन (द्रव माध्यमात औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा लावून पाहणे) हीच मान्य पद्धत आहे. प्लाझ्मिडवरून (एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावरून) पसरणाऱ्या आणि कोलिस्टिनला प्रतिरोध देणाऱ्या एमसीआर-१ जनुकाचे वर्णन चीनमधून २०१५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाल्यापासून हे औषध वगळणे बरे दिसत नाही, हे खरे. पण चुकीच्या पद्धतीने मोजण्यापेक्षा निवडक जीवाणूंवर या जनुकाचा पीसीआर करावा.

निकाल ठरवताना एक निवड आधीच करा. युकास्ट या युरोपीय समितीच्या निकषांनुसार ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनचे ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरहून जास्त एमआयसी मूल्य (वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा) उपचाराच्या दृष्टीने प्रतिरोधक समजतात, परंतु निसर्गतः संवेदनशील जीवाणूंची सीमा सुमारे ०.०६ आहे. म्हणजे ०.२५ मूल्याचा जीवाणू डॉक्टरच्या दृष्टीने संवेदनशील ठरतो, पण त्याने काहीतरी आत्मसात केले आहे हे तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शेडमध्ये एन्रोफ्लॉक्सासिन वापरले जात असेल तर नेमके हेच जीवाणू पहिली खूण देतात. यासाठी डिस्कऐवजी मूल्य मोजावे लागेल, आणि प्रत्येक वेळी एटीसीसी २५९२२ हा नियंत्रण जीवाणू सोबत लावावा लागेल.

जनुकक्रम वाचण्यासाठी निधी मिळाला, तर शेडमधील आणि मांसावरील जीवाणू वेगळ्या वंशाचे निघाले म्हणून लगेच ‘संबंध नाही’ असे लिहू नका. प्लाझ्मिड एका ई. कोलायमधून दुसऱ्यात जाते. लहान तुकड्यांच्या वाचनातून ते सलग जुळत नाही. निदान काही जोड्यांसाठी लांब तुकड्यांचे वाचन करून घ्या.

आणि एक अनुभव. आमच्या एका फेरीत थर्माकोलच्या पेटीतला बर्फ वाटेत वितळला आणि नमुने पोहोचेपर्यंत पेटी कोमट झाली होती. कॉलनींची संख्या इतकी भरघोस आली की आम्ही क्षणभर खूश झालो. पेटीतल्या तापमान-नोंदकाचा आलेख पाहिला तेव्हा ती वाढ वाटेतच झाल्याचे कळले, आणि अख्खी बॅच बाद करावी लागली. प्रत्येक पेटीत नोंदक ठेवा आणि तो आलेख नमुन्याच्या क्रमांकासोबत जपून ठेवा.

तुसाचे_शेड

पेटीत बर्फाचे सुटे खडे ठेवू नका, गोठवलेले जेल पॅक ठेवा. बर्फ वितळला की स्वॅबच्या नळ्यांवरील चिठ्ठ्या पाण्यात सुटतात, आणि मग कोणता स्वॅब कोणत्या क्रेटचा हे नोंदकही सांगू शकत नाही.