सवाईला गेलो, रात्री गाडीची काच फोडून बॅग नेली. तक्रार आणि क्लेमबद्दल मदत हवी

सांगलीकर_श्रोता
नमस्कार मंडळी, आईबाबांना यंदा पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला घेऊन गेलो होतो. तो पूर्वी रमणबागेत व्हायचा, बाबा नोकरीत असताना तिथे रात्र रात्र बसायचे, भीमसेनजींना तिथेच ऐकलेलं, घरात अजून त्याच गोष्टी निघतात. नंतर गुडघ्यांमुळे जाणं बंद झालं, म्हणून यावेळी खुर्चीची तिकिटं काढली. शनिवार, म्हणजे रात्री बारापर्यंत परवानगी असते तो दिवस. संध्याकाळी एका तरुण गायिकेनं मारवा लावला आणि काय सांगू, तो कोमल रिषभ असा धरून ठेवला की षड्ज, म्हणजे सा, येतोय येतोय म्हणेपर्यंत परत फिरायची, हजारो माणसं मंडपात पण कुणी हललं नाही, आणि बाबांनी माझा हात घट्ट धरला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

महोत्सव आता मुकुंदनगरला असतो, गाडी तिथेच एका आतल्या गल्लीत, दिव्याखाली, बाकीच्या गाड्यांच्या रांगेत होती. कार्यक्रम संपवून आलो तर मागच्या डाव्या दाराची काच फुटलेली, सीटवर खडीसाखरेसारखे तुकडे आणि बाबांची बॅग गायब. त्यात सिमवाला टॅब, गाडीचं आरसी, आईची औषधं आणि बाबांची बंदिशींची वही. गुरुजींकडे शिकताना लिहिलेली आहे ती, जांभळ्या शाईत, समासात मात्रांच्या खुणा. दुसरी प्रत कुठेच नाही.

चौकीत गेलो तर सांगितलं की ऑनलाइन ‘हरवले’ म्हणून नोंद करा, लगेच प्रिंट मिळेल. मी अजून केलेली नाही कारण मित्र म्हणतो ती चालत नाही. रविवार सगळा यातच गेला. शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची रेकॉर्ड लावतात ना, ती बाबांना ऐकायची होती, ती पण राहिली. आता एफआयआरसाठी अडून बसू का? काच आणि सामान इन्शुरन्समध्ये मिळतं का? आणि त्या वहीसाठी काही करता येईल का, हे सगळ्यात आधी सांगा.

वकील_काका
अडून बसा. हरवलं आणि चोरीला गेलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हरवल्याच्या नोंदीवर तपास होत नाही. काच फोडून बॅग नेली म्हणजे सरळ चोरी, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ आणि काचेच्या नुकसानीसाठी ३२४. अर्ज हातानं लिहून न्या, वेळ, जागा, गाडी नंबर, वस्तूंची यादी, टॅबचा आयएमईआय म्हणजे ओळख क्रमांक, आणि वही यादीत नक्की लिहा, तिची किंमत शून्य धरली जाईल म्हणून सोडू नका. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो, म्हणजे तुम्ही सांगलीतूनही देऊ शकता. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. तरीही घेत नसतील तर पोलीस उपायुक्तांकडे लेखी पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच तशी सोय आहे. वाद घालू नका, शांतपणे पोच मागत राहा.

गॅरेजवाला_कोथरूड
क्लेमचं मी सांगतो. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही. फुल असेल तर काच मिळते, आणि काचेला घसारा लावत नाहीत. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट, जाते, ती ५० टक्क्यांवर असेल तर पुढच्या प्रीमियमला जास्त फटका बसतो. छोट्या गाडीच्या दाराची काच असेल तर माझा सल्ला, हिशोब करा आणि बहुतेक रोखीनंच बसवा. दाराच्या आतले तुकडे मात्र पॅड उघडून साफ करून घ्या, नाहीतर काच वरखाली करताना नवीन काचेवर चरे पडतात.

मीनल_ठाणे
गॅरेजवाले दादा, बोनस वाचवणारं ॲड-ऑन असेल तर क्लेम घ्यायला काहीच हरकत नाही, आधी पॉलिसी वाचायला सांगा ना. आणि सामानाचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर बॅगेचे पैसे मिळत नाहीत, माझ्या भावाचं असंच झालं. टॅबसाठी सरकारच्या संचार साथी साइटवर जाऊन आयएमईआय ब्लॉक करा, त्याला पोलीस तक्रारीची प्रत लागते. सिमही आजच बंद करून डुप्लिकेट घ्या. आरसी तोवर डिजिलॉकरवरचं चालतं.

मुकुंदनगर_रहिवासी
सांगलीकर, वाचून फार वाईट वाटलं, आमच्या भागात पाहुणे म्हणून आलात आणि हे झालं. वहीची आशा सोडू नका. असले चोर टॅब ठेवतात आणि कागदपत्रं, पिशव्या जवळच कुठेतरी टाकतात. सकाळी झाडायला येणाऱ्या ताईंना आणि कचरागाडीवाल्यांना सांगायला हवं, भंगारवाल्यांनाही, सोसायट्यांच्या वॉचमनना पण. गल्लीची खूण आणि वहीचं वर्णन मला मेसेज करा, मी उद्या सकाळी स्वतः फिरतो. कोपऱ्यावरच्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे आहे, पण फुटेज फार दिवस राहत नाही, एफआयआर झाला की तपास अधिकाऱ्यांना लगेच ते मागवायला सांगा.

तंबोरा
बाबांना एक विनंती करा, आठवतात त्या बंदिशी आत्ताच फोनवर म्हणून ठेवा, ताल आणि गुरुजींचं नाव सांगून. अस्थायी आठवली आणि अंतरा अडला तरी चालेल, अशा बंदिशी जुन्या शिष्यांकडे सापडतात. मी स्वतः किराणा घराण्याचं गाणं शिकतोय, कुठल्या रागातल्या आहेत ते इथे लिहा, आमच्या ग्रुपवर विचारतो. पुढच्या वर्षी स्वारगेट मेट्रोनं या आणि पुढे रिक्षा करा. शनिवारी रात्री परतीला मेट्रो नसते, त्या दिवशी बाबांना घेऊन आमच्या गाडीतून चला.

सांगलीकर_श्रोता
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांच्या सांगण्याप्रमाणे लेखी अर्ज नेला, वरिष्ठांना भेटलो, एफआयआर झाला, वही यादीत आहे. मुकुंदनगरकर, मेसेज केलाय. तंबोरा, मुलतानी, पूरिया आणि शुद्ध कल्याण जास्त आहेत, शुद्ध कल्याणच्या झपतालातल्या एका बंदिशीचा अंतरा बाबांना अर्धाच आठवतोय, रेकॉर्ड करून रात्री टाकतो. पॉलिसीत बोनसवालं ॲड-ऑन निघालं त्यामुळे क्लेम टाकलाय, सर्व्हेअर उद्या येणार आहेत. तोवर गाडी साफ करू का तशीच ठेवू?

गॅरेजवाला_कोथरूड
तशीच ठेवा. चारी बाजूंनी फोटो काढा, प्लास्टिक लावून झाका, पाहणी झाल्याशिवाय काचेला हात लावू नका.