बोलेरो पिकअपला रुंद टायर आणि अलॉय टाकावेत का? बजेट ३५ हजार

दिंडोरीवाला:
नमस्कार मंडळी. बोलेरो पिकअप आहे, टायर २१५/७५ आर १५, डिस्क (चाकाच्या रिम) कंपनीच्या लोखंडी. टोमॅटोचे साठ-पासष्ट क्रेट रोज पिंपळगाव बसवंतला, आठवड्यातून दोनदा वाशीला. मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेत. पाऊस पडला की मळ्याच्या रस्त्यावर काळ्या मातीत चाक जागीच फिरतं. एका डिस्कची कडही वाकलीय. २३५ चे रुंद टायर आणि अलॉय (हलक्या मिश्रधातूच्या डिस्क) टाकावेत असं मनात आहे. बजेट ३५ हजार, त्याच्या वर जमणार नाही.

रांगडा_गडी:
भाऊ, बिनधास्त टाका. मी मागच्या वर्षी चार अलॉय आणि २३५/७५ चे ऑल टेरेन टाकले, सगळे मिळून ७८ हजार. गावात गाडी ओळखली जाते. थोडं थांबा पण घ्यायचं तर चांगलंच घ्या.

कसारा_रोजचा:
बजेट ३५ सांगितलंय त्यांनी. बारा वर्षं पिकअप चालवतोय. हौसेनं अलॉय टाकलं होतं, दुसऱ्या सीझनला भरल्या गाडीनं खड्ड्यात आपटलं आणि सरळ तडा. घाटात रात्री अडीच वाजता माल दुसऱ्या गाडीत भरला. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून निघते, अलॉय तडकतं.
टायर घेताना भिंतीवरचा लोड इंडेक्स वाचा. १०५ म्हणजे एका चाकाला ९२५ किलो, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. ११२/११० असं असेल तर पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. भरल्या गाडीत मागच्या एक्सलवर दोन टन आले तर चाकाला एक टन, १०५ चा टायर तिथे पुरत नाही. साईजजवळ एलटी, म्हणजे हलक्या मालगाडीचा टायर, असं लिहिलेलं बघा, जीपचा टायर मालगाडीला घालू नका.

मोजून_मापून:
२१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०३ मिमी, २३५/७५ चा ७३३. चार टक्क्यांचा फरक. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२-६३ नं पळत असेल, आणि चढाला इंजिन लवकर दमेल. उंची मिळेल फक्त १५ मिमी. शिवाय वर चिखल आणि खाली कठीण जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापून खाली पकड घेतो, रुंद वरच घसरतो. मागे लग नक्षीचे (आडव्या खोल खाचांचे) घ्या, पुढे रिब (उभ्या सरळ रेघांचे).

पासिंगवाला:
कंपनीनं दिलेल्यापेक्षा वेगळा साईज टाकला तर फिटनेसला अडकू शकता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ साली सुप्रीम कोर्टानंही त्यावर कडक निकाल दिलाय. अलॉय काढून ठेवा, पासिंगला जुन्या डिस्क लावा असं सांगणारे भेटतील, ऐकू नका.

रांगडा_गडी:
मला आजवर कुणी अडवलं नाही.

नाना_निफाड:
काहीही घ्या, नायट्रोजन भरा. माझे टायर ७० हजार किलोमीटर गेले.

मोजून_मापून:
नाना, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. टायर टिकले ते तुम्ही हवा वेळेवर तपासली म्हणून.

नाना_निफाड:
अनुभव माझा आहे.

सातपूरकर:
सीएटचा कारखाना आपल्या सातपूरलाच आहे, बाहेरचं कशाला घेता? लोखंडीच डिस्क ठेवा, अलॉय तडकतं. चारही टायर एकदम ट्यूबलेस करा. आणि टायरच्या भिंतीवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, ती बनवल्याची तारीख असते: २२२४ म्हणजे २०२४ चा बाविसावा आठवडा. मला दुकानदारानं तीन वर्षं पडून असलेला माल नवा म्हणून दिला होता, वर्षाच्या आत भिंतीला भेगा पडल्या.

कसारा_रोजचा:
हो, चारही ट्यूबलेस. पंक्चर झालं तरी हवा हळू जाते, घाटात जीव वाचतो.

द्राक्षबाग_४ एकर:
रिमोल्ड करा, म्हणजे जुन्या टायरवर नवी रबरी पट्टी चढवून घ्या, निम्म्यात काम.

कसारा_रोजचा:
गावातल्या गावात ठीक. वाशीच्या फेरीला उन्हात रिमोल्डची पट्टी सुटलेली मी डोळ्यांनी पाहिलीय.

दिंडोरीवाला:
सगळ्यांचे आभार. आज करून आलो. रुंद टायर आणि अलॉय दोन्ही सोडले. मागे दोनच नवे घेतले, त्याच साईजचे, लग नक्षीचे, एलटी, आणि ट्यूबवाले. एक नवी लोखंडी डिस्क. साडेवीस हजारांत झालं. ट्यूबलेस सगळ्यांनी सांगितलं, पण माझ्या जुन्या डिस्कच्या कडा गंजल्यात, तिथून हवा गळणार. आणि आमच्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ट्यूबचंच सामान असतं, पहाटे चारला मला तोच भेटतो. पुढचे दोन दिवाळीनंतर.

कसारा_रोजचा:
चारही करायला हवे होते. असो, ट्यूब तरी नवी टाकलीत ना? जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि तिथेच फाटते.

दिंडोरीवाला:
एक नवी, एक जुनीच. उद्या सकाळी बदलतो.