चौकशीला नेऊन मारलं, अटक दाखवलीच नाही. आधी काय करायचं?

वाघोलीकर: मावसभावाला काल रात्री पोलीस चौकशीसाठी घेऊन गेले, आज सकाळी सोडलं. मांड्यांवर पट्ट्याचे वळ, तळपाय टेकवत नाहीत. अटकेचा कागद काही नाही. तक्रार घ्यायला ठाण्यात तयार नाहीत. हद्द पुणे शहर आयुक्तालयाची. सुरुवात कुठून करावी?

वकील_शिवाजीनगर: आत्ता ससून या सरकारी रुग्णालयात न्या, एमएलसी (पोलीस-कोर्टाच्या प्रकरणासाठीची वैद्यकीय नोंद) करायला सांगा. केसपेपरवर 'पोलिसांनी मारहाण केली' असंच लिहून घ्या. 'पडून लागलं' असं एकदा लिहिलं गेलं की कोर्टात सरकारी बाजू तेच धरून बसते. प्रत्येक वळाची लांबी-रुंदी आणि रंग यायला हवा. तळपायाची कातडी जाड, तिथे वळ बऱ्याचदा नीट उमटत नाहीत. म्हणून सूज, दाबल्यावरची वेदना नोंदवायला लावा, एक्स-रे मागा. फोटो मोजपट्टी शेजारी धरून काढा आणि मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतली तारीख-वेळेची माहिती उडते.

कलम_वाचक: सीसीटीव्हीचा अर्ज उद्याच द्या. सुप्रीम कोर्टाच्या परमवीर सिंग सैनी निकालाने (२०२०) ठाण्यातलं चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान १ वर्ष ठेवायला सांगितलंय. तरी 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर ठरलेलं असतं. म्हणून ठाणे, उपायुक्त, आयुक्त तिघांना लेखी द्या: अमुक तारीख, इतके ते इतके वाजेपर्यंतचं प्रवेशद्वार, व्हरांडा, लॉकअपचं चित्रण जपून ठेवा. आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. रात्री कुणी ११२ ला फोन केला असेल तर तीही नोंद मागा. तो ठाण्यात होता हे त्यावरून जुळवता येतं.

वाघोलीकर: आणि गुन्हा नोंदवलाच नाही तर?

वकील_शिवाजीनगर: तीच तक्रार आयुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोहोचपावती जपा. मग बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७५(३) खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज. तक्रार सरकारी नोकराविरुद्ध असल्याने १७५(४) मुळे त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवला जातो, वेळ जातो. कबुलीसाठी मारलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १२० अर्जात हवंच. साध्या दुखापतीलाही ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

कलम_वाचक: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ विसरू नका. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल ६ महिन्यांत खटला दाखल व्हावा लागतो. कोठडीतली मारहाण यात बसतच नाही असा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मानवी हक्क आयोग किंवा पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जरूर जा. मात्र तिथल्या उत्तराची वाट बघत कोर्टातला अर्ज अडवून ठेवू नका.