मदत हवी आहे : बिली हॉलिडेवरच्या कार्यक्रमासाठी वादक आणि जागा

नमस्कार मंडळी. जॅझ गायिका बिली हॉलिडे हिचं आयुष्य आणि गाणी यांवर सव्वा तासाचा कॅबरे कार्यक्रम कोल्हापुरात बसवतोय. निवेदन मराठीत, गाणी मूळ इंग्रजीतच. गाणार माझी मावसबहीण.

कॅबरे म्हटलं की आपल्याकडे हिंदी सिनेमातला नाच आठवतो. इथं तसं काही नाही. टेबलांभोवती बसलेली माणसं, समोर हातभर अंतरावर गायिका, गाण्यांच्या मधे गोष्ट. खरं तर आपल्या बैठकीच्याच जवळचं.

आणि बिलीसाठी हाच प्रकार का? १९४७ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात तिला शिक्षा झाली आणि न्यूयॉर्कमध्ये क्लबात गायला लागणारं ‘कॅबरे कार्ड’ गेलं. दारू मिळते तिथं गायची बंदी. पुढच्याच वर्षी तिथलंच कार्नेगी हॉल हे मोठं सभागृह मात्र तिच्यासाठी खचाखच भरलं! १९५९ मध्ये ४४ व्या वर्षी ती गेली. हे वाचल्यापासून मला चैन नाही.

पियानोवाला मिळालाय. ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन वाजवणारं कुणी आहे का? लग्नाच्या बँडमधले असले तरी चालतील, फक्त गायिकेच्या मागं हळू वाजवायची तयारी हवी. शाहू स्मारकचं सभागृह पाहिलं, पण तिथं खुर्च्यांच्या रांगा. साठ-सत्तर माणसं टेबलांशी बसतील अशी जागा सुचवा.

परदेशी गाणी तिकीट लावून गायची परवानगी कुणी काढली असेल, तर कुठून सुरुवात करायची तेवढं नक्की सांगा.