करार मुदतीआधी संपवताना भाडे आणि डिपॉझिट

प्रश्न (भाडेकरू, जळगाव):
नमस्कार. मी ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. धुळ्याला बदली झाल्याने सातव्या महिन्यातच घर सोडावे लागत आहे. करारानुसार एक महिन्याची लेखी पूर्वसूचना दिली आहे. शेवटच्या महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून वळते करावे, ही माझी विनंती घरमालकांनी नाकारली. शिवाय खिडकीतल्या कूलरमुळे भिंतीला ओल आली म्हणून संपूर्ण घराच्या रंगाचा खर्च ते कापणार आहेत. पैसे मिळेपर्यंत मी ताबा रोखून धरावा का?

उत्तर (वकील, धुळे):
ताबा मुळीच रोखू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते, त्यामुळे डिपॉझिट सोडवण्याच्या नादात तुमचेच देणे वाढण्याचा धोका आहे. भाड्याबाबत घरमालकांचे म्हणणे मला योग्य वाटते. करारात तशी मुभा नसेल तर पूर्वसूचनेच्या महिन्याचे भाडे वेगळे द्यावे लागते, मग त्या काळात तुम्ही धुळ्यात राहायला आलेले असलात तरी. मात्र करारातले लॉक-इनचे (म्हणजे ज्या किमान काळात करार मोडता येत नाही त्याचे) कलम आधी वाचा, कारण तो काळ पूर्ण ११ महिन्यांचा असेल तर उरलेल्या भाड्याचीही मागणी होऊ शकते.

उत्तर (घरमालक, भुसावळ):
आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने भिंतीचा पोपडा सुटतो, हे नुकसान खरेच आहे व ते भाडेकरूने भरून द्यावे. पण त्यासाठी एका भिंतीचा खर्च घ्यावा. वापराने फिका पडलेला बाकीचा रंग ही नेहमीची झीज आहे आणि तिचा भार भाडेकरूवर टाकणे अन्यायाचे आहे, असे मी स्वतः घरमालक असूनही म्हणतो. दोघांसमोर कारागिराकडून लेखी अंदाज घ्या. वीजमीटरच्या रीडिंगचा आणि प्रत्येक खोलीचा फोटो काढून ठेवा.

उत्तर (वकील, धुळे):
वरील सूचना योग्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की, चावी शेजाऱ्यांकडे ठेवून न जाता घरमालकांच्या हाती द्या आणि ताबा मिळाल्याची तारखेसह सही घ्या. त्यानंतरही त्यांनी अवाजवी कपात केली तर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. उरलेल्या रकमेच्या वसुलीसाठी तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा दाखल करता येतो.