मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी (मूत्रपिंडाच्या गाळणीचा आजार, यात प्रथिनं लघवीतून जातात), रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन २.४ ग्रॅम/डेसिलिटर: रक्त पातळ करणारं औषध आताच सुरू करावं का?

प्रश्न: रुग्ण ४६ वर्षांचा, पीएलए२आर अँटीबॉडी (या आजाराची खूण असलेली रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. २४ तासांच्या लघवीत प्रथिनं ९ ग्रॅम, अल्ब्युमिन २.४. पायांवर सूज आहे, गुठळीची लक्षणं नाहीत, पण डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारा घटक) वाढलेला आहे. गुठळीचा धोका कशावरून ठरवायचा?

उत्तर १: डी-डायमर बाजूला ठेवा. नेफ्रॉटिक अवस्थेत (लघवीतून भरपूर प्रथिनं जाऊन सूज येते तेव्हा) तो गुठळी नसतानाही वाढतो. खरा आकडा अल्ब्युमिनचा, मेम्ब्रेनसमध्ये २.८ च्या खाली धोका चढू लागतो. मात्र लॅबला अल्ब्युमिन मोजायची पद्धत विचारा, बीसीजी की बीसीपी (दोन वेगळे रंगद्रव्य)? बीसीजी जास्त दाखवते, तिचे २.५ म्हणजे बीसीपीचे साधारण २.०. सगळी गफलत इथंच होते.

प्रश्नकर्ता: विचारलं, बीसीपी आहे.

उत्तर १: म्हणजे बीसीजीने २.९ च्या आसपास, अगदी काठावर. रुग्ण हिंडता-फिरता असेल, लठ्ठपणा किंवा नुकतीच शस्त्रक्रिया नसेल, तर अल्ब्युमिन त्याच लॅबमध्ये वरचेवर तपासत राहा. आकडा घसरला तर आधी अल्सर, प्लेटलेट, बीपी बघून रक्तस्रावाचा धोका तोला, मग औषधाचं ठरवा.

उत्तर २: ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असल्यास अँटिफॉस्फोलिपिडच्या (गुठळ्या वाढवणाऱ्या अँटीबॉडींच्या) तिन्ही चाचण्या हेपरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) देण्याआधीच करा, नंतर त्यांतल्या ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट चाचणीचा निकाल फसवा येऊ शकतो. पॉझिटिव्ह आल्यास १२ आठवड्यांनी पुन्हा. तिन्ही पॉझिटिव्ह असतील तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी वॉरफरिनच, रिव्हरोक्साबॅन नको.

उत्तर ३: हेपरिन अपेक्षेपेक्षा कमी चालतंय? हेपरिन ज्याच्यामार्फत काम करतं ते अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन लघवीवाटे जातं, म्हणून. कुशीत दुखणं, लाल लघवी किंवा क्रिएटिनिन अचानक वाढलं तर मूत्रपिंडाच्या शिरेत गुठळी आहे का हे पाहायला डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) त्याच दिवशी करा.